कॉलनीतल्या रस्त्यावरचा वेग आणि शॉर्टकटची वाहतूक: इंदूरमध्ये अर्ज कोणाकडे, कसा आणि कशासह द्यायचा

अन्नपूर्णा रोडवर गर्दी झाली की गाड्या सुदामानगरात शिरतात आणि गल्लीगल्लीतून फूटी कोठीकडे निघतात. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, वैशालीनगर इथल्या मराठी घरांतूनही हीच तक्रार ऐकू येते: रस्ता आमच्या दारातला, पण गाड्या आमच्या नाहीत. सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट पाहणारी मुलं आणि देवळातून परतणारी म्हातारी माणसं त्याच रस्त्यावर असतात, कारण फूटपाथ नाही आणि असला तर त्यावर गाड्या उभ्या असतात.

अशा वेळी आपण काय करतो? पार्षदांना (नगरसेवकांना) गाठतो आणि म्हणतो, "साहेब, एक ब्रेकर टाकून द्या." ब्रेकर पडतो किंवा पडत नाही, आणि विषय तिथेच संपतो. गेल्या काही वर्षांत आमच्या रहवासी संघाच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. ब्रेकर मागायचा नाही. अडचण मोजून द्यायची आणि एका महिन्याचा प्रयोग मागायचा. ते कसं, हे सविस्तर सांगते.

रस्ता कोणाचा, हे आधी

कॉलनीतला रस्ता नगर निगमचाच (महापालिकेचाच) असेल असं गृहीत धरू नका. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतली कॉलनी अजून निगमकडे हस्तांतरित झाली नसेल तर अर्ज प्राधिकरणाकडे जातो. काही मोठे रस्ते लोकनिर्माण विभागाचे (पीडब्ल्यूडीचे) असतात. खासगी कॉलनी असेल तर नगर तथा ग्रामनिवेश विभागाने मंजूर केलेला नकाशा पाहावा लागतो. त्या नकाशात जो रस्ता सार्वजनिक दाखवला आहे, त्याला वर्षानुवर्षं आपण 'आमचा' म्हणत असलो तरी त्यावर फाटक लावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. निगमच्या झोन कार्यालयातल्या उपयंत्र्यांना (अभियंत्यांना) विचारलं तर एका फेरीत हे कळतं. नाहीच कळलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मध्य प्रदेशात फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची.

कोण काय करू शकतं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रस्त्यावर काही बांधणं, म्हणजे गतिरोधक, उंच क्रॉसिंग (रस्त्यापेक्षा उंच केलेली पायी ओलांडायची जागा), गाड्या अडवणारे खांब किंवा पांढरे पट्टे, हे निगमच्या जनकार्य विभागाचं काम आहे, आणि ते वाहतूक पोलिसांच्या अभिप्रायानंतर होतं. वाहनांना मनाई करणं, एकमार्गी करणं किंवा ठरावीक वेळेत जड वाहनं थांबवणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ चा विषय आहे. वेगमर्यादा ठरवणं कलम ११२ मध्ये येतं आणि तिचा बोर्ड कलम ११६ नुसार लागतो. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त व्यवस्था आहे. म्हणून मनाईचा अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे, वाहतूक शाखेच्या उपायुक्तांमार्फत द्यावा आणि त्याची प्रत कलेक्टर कार्यालयाला द्यावी.

वेगमर्यादेबद्दल एक गैरसमज आहे. '२० किमी' असा बोर्ड रहवासी संघाने स्वखर्चाने लावला तर तो विनंतीचा बोर्ड असतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल ७० आणि दुचाकीसाठी ६० किलोमीटर वेग दिला आहे. राज्याला त्याखालची मर्यादा ठरवता येते, पण त्यासाठी अधिसूचना लागते. ती नसेल तर आपल्या गल्लीत ४५ ने जाणाऱ्याचं अतिवेगाचं चालान कशाच्या आधारावर कापणार? फार तर बेदरकारीचा मुद्दा काढता येईल, आणि तो प्रत्येक वेळी सिद्ध करावा लागेल.

आता एका महिन्याच्या प्रयोगाकडे येऊ. कलम ११५ मध्येच अशी सोय आहे की मनाई एका महिन्याहून जास्त काळ लागू राहणार नसेल तर राजपत्रात छापण्याची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. कलम ११२ मध्ये वेगमर्यादेलाही अशीच महिन्याची सूट आहे. कायमची बंदी मागितली की फाइल वरपर्यंत जाते आणि तिथेच राहते. एका महिन्याचा प्रयोग मागितला तर अधिकाऱ्याचं काम सोपं होतं: चुकलं तर महिन्याने आपोआप संपतं. म्हणून अर्जाचा विषय हिंदीत असा लिहा (कार्यालयाचं कामकाज हिंदीत चालतं, आपण मराठीत अर्ज दिला तर तो वाचणाराच सापडत नाही): "विषय: … नगर के … मार्ग पर वाहनों की गति नियंत्रित करने तथा बाहरी वाहनों की आवाजाही एक माह के लिए प्रायोगिक रूप से सीमित करने बाबत।"

अर्ज कोण करू शकतं

कोणीही रहिवासी. घर मालकीचं असण्याची अट नाही, भाडेकरूही अर्जदार होऊ शकतो. निवेदनाला फी नाही. रहवासी संघ असेल तर त्याच्या लेटरहेडवर द्यावं. संघ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदलेला असेल तर नोंदणी क्रमांक लिहावा, म्हणजे पत्रव्यवहार एका पत्त्यावर होतो. संघ नसेल तर दहा-पंधरा घरांच्या सह्यांचा अर्जही तितकाच चालतो.

पुरावा: दोन रेघा आणि मोबाइलमधलं घड्याळ

अर्जासोबतच्या कागदांत यालाच सगळ्यात जास्त वजन आहे, आणि नेमका हाच कागद लोक जोडत नाहीत. "गाड्या फार वेगाने जातात" या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही.

रस्त्यावर बरोबर ५० मीटर अंतर मोजा. मिस्त्रीकडचा लांब टेप घ्या आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. वाहन पहिल्या रेघेवर आलं की घड्याळ सुरू करा आणि दुसरीवर आलं की थांबवा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद म्हणजे ३०, ४ सेकंद म्हणजे ४५. आम्ही हे केलं तेव्हा समोरच्या घरातले काका खुर्ची टाकून आकडे वहीत उतरवत होते आणि त्यांची नात घड्याळ दाबत होती. तासाभरात वही भरली. निदान १०० वाहनांचे वेग काढा, कमी ते जास्त असे मांडा आणि शंभरातला ८५ वा आकडा वेगळा लिहा. वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा हाच आकडा आधी बघतात.

शॉर्टकट सिद्ध करायला वेगळी मोजणी लागते. गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसतो आणि प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे व वेळ लिहितो. नंतर याद्या जुळवायच्या. ४०० मीटरची गल्ली २० च्या वेगाने गेलं तरी सव्वा मिनिटात संपते. म्हणून जी गाडी एका टोकाला शिरून दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला निघाली, तिचं आपल्या गल्लीत काही काम नव्हतं. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते सात, असे दोन दिवस पुरतात. रविवार टाळा. जुळवणी झाली की वहीतले गाड्यांचे नंबर अर्जाला जोडू नका, फक्त बेरीज द्या. ते दुसऱ्यांचे नंबर आहेत.

वेग इतका का मोजायचा, हे घरातल्यांना सांगायला एक हिशेब पुरतो. मूल चेंडूमागे धावत आलं आणि चालकाला ब्रेकवर पाय द्यायला एक सेकंद लागला, तर ३० च्या वेगात गाडी तेवढ्यात ८ मीटर पुढे जाते आणि ५० च्या वेगात १४ मीटर. ब्रेक लागतो तो त्यानंतर. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसं आणि वाहनं एकत्र येतात त्या रस्त्यांवर कमाल ३० ची शिफारस आहे, ती यासाठीच.

बाकीचे कागद थोडक्यात: रस्त्याचा नकाशा, त्यावर शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि देऊळ खुणेसह, तारखेसह फोटो, अपघात झाला असेल तर एफआयआरची प्रत, घर क्रमांक आणि मोबाइलसह सह्यांची यादी. या यादीत शेजारच्या गल्लीच्याही सह्या घ्या. आपली गल्ली बंद झाली की गाड्या तिथे वळणार. त्यांना आधी विचारलं नाही तर त्यांचं विरोधाचं निवेदन आठवडाभरात दाखल होतं आणि फाइल बाजूला पडते. कोपऱ्यावरच्या दुकानदारांनाही विचारा.

मागायचं काय

इंडियन रोड्स काँग्रेसची याबाबतची मार्गदर्शिका आयआरसी ९९ ही आहे. १९८८ च्या मूळ मार्गदर्शिकेत ब्रेकरचं माप दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी सहज ओलांडते. दोन ब्रेकरमध्ये १०० ते १२० मीटर अंतर आणि ४० मीटर आधी सूचनेचा बोर्ड. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ब्रेकरपलीकडचे उपायही घेतले आहेत. आपण जे हातभर रुंदीचे, टोकदार उंचवटे बघतो, ते यातल्या कशातच बसत नाहीत.

आमच्या गल्लीतही एका रात्री कोणीतरी सिमेंटचा असा उंचवटा केला. हेतू चांगलाच होता. चौथ्या दिवशी पावसात डिलिव्हरीचा एक मुलगा त्यावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा उंचवटा कोणी केला हे सांगायला कोणी पुढे आलं नाही. तो उंचवटा मग आम्हीच फोडला. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साखळी, कुंड्या, दगड आणि कुलूपबंद फाटकही यातच येऊ शकतं. रात्री अँब्युलन्स किंवा दमकल (अग्निशमनाची गाडी) फाटकाशी अडली तर दंडाची रक्कम हा फार लहान प्रश्न ठरतो.

माझं मत असं आहे की शॉर्टकटवर ब्रेकरपेक्षा एकमार्गीची जोडी चांगली चालते: दोन समांतर गल्ल्या विरुद्ध दिशांना एकमार्गी करायच्या, म्हणजे प्रत्येक गल्लीतून एकाच दिशेने पार निघता येतं. खांब लावले तर कार थांबते, पण इंदूरमध्ये दुचाक्याच जास्त, आणि त्या खांबांतून निघतात. तोंडाशी उंच क्रॉसिंग केलं तर दोघांचाही वेग कमी होतो आणि चालणाऱ्यांची सोय होते.

अर्ज कुठे द्यायचा आणि मग काय

तीन प्रती काढा. एक झोन कार्यालयात निगम आयुक्तांच्या नावे, एक वाहतूक उपायुक्तांकडे, एक पार्षदांना. पार्षदांकडून शिफारसपत्र मिळालं तर पहिल्या दोन्ही प्रतींना जोडा. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय निघू नका, कारण पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. अर्जात संयुक्त निरीक्षणाची मागणी स्पष्ट लिहा: निगमचे उपयंत्री आणि वाहतूक पोलीस दोघं एकाच वेळी, सकाळच्या गर्दीत. दुपारी तीनला निरीक्षण झालं तर त्यांना रिकामा रस्ता दिसेल.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत) आवक क्रमांकासह जा. तिथे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत विषय घ्यावा अशी विनंतीही करता येते. सीएम हेल्पलाइन १८१ वरही तक्रार नोंदवता येते. ती अधिकाऱ्यांच्या एल-१ ते एल-४ अशा चार पातळ्यांतून वर चढते. तिथे 'ब्रेकर हवा' असं सांगितलं तर ती नवी मागणी म्हणून बाजूला पडू शकते. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कारवाई नाही' असं सांगा. मग तक्रार बंद करायला फोन येतो. काम सुरू झाल्याचं लेखी मिळेपर्यंत 'संतुष्ट' म्हणू नका, पण फोन करणाऱ्या कर्मचाऱ्यावर रागावूही नका, त्याच्या हातात फार काही नसतं. निगमचं तक्रारींचं इंदूर ३११ ॲप पुसलेले पट्टे, तुटलेला ब्रेकर, पडलेला बोर्ड अशा गोष्टींना उत्तम आहे. मनाईच्या अर्जाला नाही.

प्रयोग मंजूर झाला तर तिसऱ्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेत पुन्हा मोजणी करा. शेजारच्या गल्लीतही करा आणि तिथे वाढ झाली असेल तर तीही लिहा. दोन्ही आकडे जोडून महिना संपायच्या आत कायम अधिसूचनेचा अर्ज द्या, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. अधिसूचना निघाल्यावर तिची प्रत संघाच्या फाइलमध्ये ठेवा आणि बोर्ड लागल्याच्या दिवशी त्याचा फोटो काढा. पावसाळ्यानंतर कडुनिंबाच्या फांद्या बोर्डावर येतात. फांदी छाटायची तक्रार मात्र ३११ वर दोन मिनिटांत होते.