शाळेने मुलाचं नाव पटावरून काढलं? दाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी वाचा

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात पीएलव्ही, म्हणजे विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. मागच्या पावसात बंदराजवळच्या मोहल्ल्यातल्या एक ताई सातवीतल्या मुलाचा दाखला घेऊन आल्या. मारामारी दोघांची झाली होती, घरी पाठवला एकटा यांचा मुलगा. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. विनंती कसली? सरांनी कागद पुढे केला, त्यांनी सही केली.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम 17 प्रमाणे मारणं, मानसिक छळ करणं याला बंदी आहे. म्हणूनच काही शाळा ‘काढलं’ असं कागदावर येऊच देत नाहीत. तेव्हा सही करू नका, शाळेला जे काही सांगायचं ते लेखी मागा.

तक्रार कलम 32 खाली करायची. खेड्यात पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज द्या: काय झालं, कधी, कोणासमोर, आणि त्याच चुकीसाठी इतर मुलांना काय शिक्षा झाली. सोबत शाळेची चिठ्ठी, प्रगतिपुस्तक, दाखला दिला असेल तर त्याची झेरॉक्स, आणि मार लागला असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील.

एक खोच आहे. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेला मात्र लागतो. नववी-दहावीसाठी माध्यमिक शिक्षणाधिकारी गाठायचे.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये मुलं आणि स्त्रिया आहेत, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मागितला तरी आणायची गरज नाही. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत द्या किंवा 15100 वर फोन करा.

लॉच्या विद्यार्थ्यांनो, वकिलीची सनद मिळेपर्यंत पीएलव्ही होता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. जाताना कॉलेजचं बोनाफाईड, आधार आणि फोटो जवळ असू द्या. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. कोर्टात उभं राहता येत नाही आणि पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. अर्ज लिहून देणं आणि सोबत खिडकीपर्यंत जाणं, एवढंच आपलं काम. त्या ताईंच्या प्रतीवर शिक्का मिळवायला आम्हाला तीन फेऱ्या पडल्या.