उडते ती शीर नव्हे

पुण्यात कुणालाही सांगून बघा की माझी पोटरी आपली आपण उडते. पहिला सल्ला केळी खाण्याचा येतो, दुसरा बी-ट्वेल्व्ह तपासून घेण्याचा. शेजारच्या काकू मात्र आधी विचारतात, "उजवी की डावी?" पुरुषाचं उजवं अंग स्फुरलं तर शुभ, बाईचं डावं, हा हिशेब त्यांच्याकडं अजून पक्का आहे. माझी अडचण अशी की दोन्ही उडतात. शिवाय दंड, पापणी, बरगडीखालची जागा, तळपायाची कमान, आणि एकदा चक्क हनुवटी. सहा वर्षं झाली. शुभ-अशुभाची वजाबाकी होऊन हाती शून्य येत असावं.

आपण म्हणतो, "शीर उडते." शीर म्हणजे मराठीत रक्तवाहिनीही आणि नसही. उडतं ते या दोन्हींपैकी काहीच नसतं. उडतो तो स्नायू, आणि तोही सगळा नाही, त्यातल्या तंतूंचा एक गट. डॉक्टरांचा शब्द फॅसिक्युलेशन. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे छोटी जुडी, कोथिंबिरीची असते तशी. १९३८ साली डेनी-ब्राऊन आणि पेनीबेकर या दोन डॉक्टरांनी एक गोंधळ निस्तरला. एकटादुकटा तंतू थरथरला तर ते फिब्रिलेशन. ते कातडीवरून दिसत नाही, स्नायूत सुई घालून यंत्रावरच पकडावं लागतं. अख्खी जुडी एकदम आखडली तर फॅसिक्युलेशन, आणि ते अंथरुणात पडल्या पडल्या दिसतं. हा फरक वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, पुढं कळेल.

जुडी एकदम का आखडते? आपल्या गल्लीतली महावितरणची डीपी आठवा. एका डीपीवर ठरावीक घरं असतात. स्नायूचंही तसंच. मज्जारज्जूत बसलेली एक चेतापेशी, तिच्यापासून निघालेला लांबलचक धागा, धाग्याला शेवटी फुटलेल्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीला एकेक स्नायूतंतू. या सगळ्या संसाराला ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात मोटर युनिट असं नाव दिलं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीकडं जेमतेम दहाएक तंतू असतात, तिथं बारकाईचं काम. पोटरीत एकेका पेशीच्या पदरी हजाराच्या वर. त्यामुळं पोटरीतलं एक युनिट पेटलं की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं.

कमरेपासून पोटरीपर्यंतचा हा धागा जवळजवळ मीटरभर लांब असतो. आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब, बाहेर सोडियमची गर्दी, आत पोटॅशियमची, आणि मध्ये उघडझाप करणारी दारं. सोडियमचं दार उघडलं की विजेचा आवेग सुटतो. एरवी हा हुकूम वरून येतो. सौम्य फडफडीत बहुतेक वेळा तो वरून येतच नाही. धाग्याच्या खालच्या टोकाला, स्नायूजवळच्या एखाद्या फांदीवर, दार आपोआप उघडतं. तिथं सुटलेला आवेग उलटा फाट्यापर्यंत जातो आणि बाकीच्या सगळ्या फांद्यांत शिरतो. मेंदूला पत्ताच नसतो. म्हणून तर ती इच्छेनं थांबवता येत नाही.

इतकं समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली. पहिले सहा महिने मी फक्त घाबरलेलो होतो.

घाबरायचं कारण उघड आहे. मोटर न्यूरॉन डिसीज या आजारातही स्नायू असेच उडतात. स्टीफन हॉकिंग यांचा आजार म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्यात चेतापेशी मरत जातात, आणि मरणाऱ्या पेशीचा धागा जाता जाता वेडेवाकडे आवेग सोडतो. मी रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पोटरीचे व्हिडिओ काढायचो. मिनिटाला किती, याची वही ठेवली होती. सकाळी जिन्याच्या पायरीवर एका पायाच्या चवड्यावर पन्नास वेळा उभा राहायचो, ताकद शाबूत आहे ना बघायला. दमलेला स्नायू जास्त उडतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे परीक्षा घेता घेता मीच फडफड वाढवून घेत होतो.

भीतीचा यातला हात निव्वळ मानसिक नाही. घाबरलेला माणूस भरभर, उथळ श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त थोडं अल्कली होतं, आणि रक्तात मोकळा फिरणारा कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतो. हा मोकळा कॅल्शियम म्हणजे सोडियमच्या दारावरचा पहारेकरी. तो कमी झाला की दारं किंचित धक्क्यानंही उघडतात. बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, स्नायूंची फडफड. ती दिसली की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भरभर श्वास घेतो. हे रसायनशास्त्र आहे, "तुमच्या मनाचे खेळ" नव्हे. हे वाक्य मला एका दवाखान्यात ऐकवलं गेलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी ज्या न्यूरॉलॉजिस्टकडं गेलो त्यांनी माझे व्हिडिओ पाहिलेच नाहीत. "टाचांवर चालून दाखवा," म्हणाले. मग चवड्यांवर. मग उकिडवं बसून हात न टेकता उठायला लावलं. गुडघ्यावर हातोडी. जीभ बघितली, पण बाहेर काढू दिली नाही, तोंडातच सैल ठेवायला सांगितली. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते. मग ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून आतली वीज ऐकणं. अक्षरशः ऐकणं, कारण यंत्राला स्पीकर असतो आणि एकेक फॅसिक्युलेशन पत्र्यावर पहिला थेंब पडल्यासारखं वाजतं. डॉक्टर मात्र दुसऱ्याच आवाजाच्या शोधात होते, फिब्रिलेशनच्या. नस तुटली की अनाथ झालेले तंतू एकेकटे थरथरतात. माझ्यात थेंब भरपूर होते, ती थरथर नव्हती.

निदान आलं: बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम. मराठीत सांगायचं तर, उडतंय खरं पण त्यामागं काही नाही. हे निदान म्हणजे नकारांची बेरीज आहे, आणि नकारावर विश्वास बसायला वेळ लागतो. मला आकड्यांनी मदत केली. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकनं १९९३ मध्ये अशा १२१ रुग्णांची हकिगत छापली. कुणाला २ वर्षं, कुणाला ३२ वर्षं त्यांनी नजरेखाली ठेवलं होतं. एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. त्याआधी १९६३ सालच्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे ७० टक्के धडधाकट माणसांनी आपले स्नायू कधी ना कधी उडतात असं सांगितलं होतं. मोटर न्यूरॉन डिसीज वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. आणि हे वाचून मला फार बरं वाटलं: या भीतीनं सर्वाधिक पछाडलेल्यांत खुद्द डॉक्टर असतात. सिडनीच्या दोन न्यूरॉलॉजिस्टनी २०१३ मध्ये डॉक्टरांच्या या भीतीला वेगळं नावच देऊन टाकलं.

तरी सरसकट "काही होत नाही" म्हणणं चूक. फार थोड्या रुग्णांत फडफड आधी येते आणि अशक्तपणा काही महिन्यांनी. म्हणून चांगला डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बोलावतो. तो विचारतो ते फडफडीबद्दल नसतंच. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते का? स्कूटरची किल्ली फिरवताना, शर्टाचं बटण लावताना बोटं हरतात का? शब्द जड पडतात का, घास अडतो का, एखादा स्नायू वाळल्यासारखा दिसतो का? यातलं काही असेल तर उडो न उडो, लगेच दाखवायला हवं.

रक्तात कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड, मूत्रपिंडाचं काम एकदा बघून घेतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल आणि सर्दीच्या काही गोळ्याही स्नायू उडवतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं तर जोरात. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं, तेच ती बंद पाडतात, मग निरोप वाजतच राहतो. फवारणीनंतर शेतकऱ्याचं अंग उडू लागलं, तोंडाला पाणी सुटलं, बुबुळं टाचणीएवढी झाली, तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना. ही गोष्ट माझ्या पोटरीहून कितीतरी मोठी आहे.

औषध? खास असं नाही. फारच त्रास झाला तर फिट्सवरच्या काही गोळ्या देऊन बघतात. शरीरात मॅग्नेशियम कमी नसेल तर त्याच्या गोळ्यांचा उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही, पण माझ्या कपाटात तीन डबे आहेत. दोन महिने अमृततुल्य सोडलं. फडफडीत फरक नाही, स्वभावात पडला, असं बायको म्हणते. झोप कमी पडली की वाढते, एवढं मात्र माझ्यापुरतं नक्की. आणि वही रद्दीत दिली त्यानंतर कमी झाली, की कमी लक्षात यायला लागली? हे ठरवायला आता वहीच नाही.

गेल्या भाद्रपदाच्या आधी आमच्या सोसायटीतला एक मुलगा रात्री दार वाजवून आला. ढोल पथकात नवा, नदीकाठी रोजचा सराव. उजवा दंड कोपरापासून वर एकसारखा उडत होता, आणि मोबाइलवर नको ते वाचून चेहरा पांढरा पडला होता. मी कोण डॉक्टर लागून गेलो, पण टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. शेवटी कोपऱ्यातला गॅसचा रिकामा सिलिंडर त्या हातानं उचलायला सांगितला. उचलला त्यानं. तेवढ्यापुरती फडफड थांबली, खाली ठेवल्यावर पुन्हा सुरू झाली. मी पायजमा वर करून त्याला माझी पोटरी दाखवली. बराच वेळ आम्ही दोघं ती बघत बसलो.

"काका, ही कधी थांबणार?"

"माहीत नाही," म्हटलं. "उद्या सराव किती वाजता आहे तुझा?"