अचानक नोकरी गेली आणि माणूस खचला: हे डिप्रेशन की अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर?

नोकरी गेली, घटस्फोट झाला, घरातलं कमावतं माणूस आजारी पडलं, असं काही अचानक झालं की दोन-तीन आठवड्यांत घरातलं कोणीतरी म्हणतंच, "त्याला डिप्रेशन आलंय बहुतेक." आणि त्याच घरात दुसरं कोणी म्हणतं, "अगं नोकरी गेलीये त्याची, वाईट वाटणारच ना, डिप्रेशन कसलं त्यात." मला दोघांचीही घाई होतेय असं वाटतं. साधं वाईट वाटणं आणि डिप्रेशन यांच्या मध्ये अजून एक गोष्ट असते, डॉक्टर तिला अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात, आणि डिप्रेशनशी तिची सर्रास गल्लत होते.

समजा हिंजवडीत काम करणारा चाळिशीतला माणूस आहे, होम लोनचा हप्ता चालू, दोन पोरं शाळेत. एका सकाळी मीटिंगला बोलावून सांगितलं की आजपासून काम बंद, लॅपटॉप जमा करा. पहिले काही दिवस तो सगळ्यांना "होईल काहीतरी" म्हणत फिरतो, मग हळूहळू झोप उडते, पहाटे तीनला उठून हप्त्याचा हिशोब सुरू, पोरांवर उगाच खेकसणं, नातेवाइकांचे फोन न उचलणं, सोसायटीत कोणी "आज घरीच का?" विचारेल म्हणून खाली उतरणंच बंद. पण जुना मित्र आला की कॅरम खेळताना हसतो, रविवारची मिसळ चवीनं खातो, इंटरव्ह्यूचा फोन आला की दोन दिवस तरतरीत असतो आणि तिकडून नकार आला की परत खाली. त्याची सगळी काळजी त्या एका घटनेभोवतीच फिरत राहते. नेहमीच्या दुःखापेक्षा हे जास्त आहे, कारण रोजचं जगणं अडलंय, पण त्याचा दोर अजून नोकरीलाच बांधलेला आहे. अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर साधारण असा दिसतो.

याला वेळेचं गणितही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीप्रमाणे हा त्रास सहसा घटनेनंतर महिन्याभरात सुरू होतो, अमेरिकेतले डॉक्टर मानसिक आजारांच्या निदानासाठी डीएसएम-५ हे जे पुस्तक वापरतात त्यात 3 महिन्यांपर्यंतची मुदत आहे. ती घटना आणि तिचे परिणाम संपले की साधारण 6 महिन्यांत तो ओसरायला हवा. यातला "परिणाम" हा भाग लोक विसरतात. नवी नोकरीच मिळाली नाही आणि हप्ते थकतच गेले तर मूळ ताण संपलेलाच नसतो, मग 6 महिने झाले तरी हा अजून सावरला कसा नाही असं त्याला विचारणं अन्यायाचं आहे.

डिप्रेशनमध्ये तो दोर सुटतो. निदानासाठी कमीत कमी 2 आठवडे, जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ, 9 लक्षणांपैकी किमान 5 असावी लागतात आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं यातलं एक तरी लागतंच. बाकीची म्हणजे झोप, भूक, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार. आपला तोच माणूस या अवस्थेत गेला तर ऑफर लेटर हातात पडलं तरी त्याला काहीच वाटत नाही, उलट "मला जमणार नाही, मी सगळ्यांवर ओझं आहे" सुरू होतं. मिसळ समोर तशीच पडून राहते. मात्र एखाद्या संध्याकाळी तो हसला म्हणून डिप्रेशन नाहीच, असंही धरू नका, काहींच्या डिप्रेशनमध्ये चांगल्या बातमीने मन तेवढ्यापुरतं उचललं जातं.

माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज असा की कारण दिसतंय म्हणजे आजार नाही. तसं नसतं. नोकरी गेल्यामुळेच सुरू झालं असलं तरी डिप्रेशनची लक्षणं पूर्ण भरली तर ते डिप्रेशनच, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर हे निदान तेव्हाच देतात जेव्हा दुसरा आजार बसत नाही. "परिस्थितीच तशी आहे" म्हणत घरचे थांबतात आणि महत्त्वाचे महिने निघून जातात, याची मला खरंच चिंता वाटते.

हा फरक कळायला हवा कारण पुढची मदत वेगळी आहे. अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डरमध्ये समुपदेशकाशी बोलणं आणि प्रश्नाचे तुकडे करून एकेक सोडवणं हाच मोठा उपचार, म्हणजे बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलणं, कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच जातो म्हणून घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी बघणं, आणि बायकोला खरा आकडा सांगणं (हे बरेच पुरुष शेवटपर्यंत टाळतात, आणि ताण तिथेच साचतो). डिप्रेशनवाल्याला "उद्यापासून दहा ठिकाणी अप्लाय कर" म्हटलं तर तो ते करू शकत नाही आणि स्वतःला आणखी दोष देतो. तिथे थेरपी लागते, त्रास जास्त असेल तर औषधंही, ज्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून पहिल्याच आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडायची नाहीत. डॉक्टर थायरॉइड, बी-१२ पण तपासून घेतात, कारण त्यातूनही अशीच लक्षणं येतात. संध्याकाळचा पेग दोन्हीकडे नुकसानच करतो, झोप मोडते आणि सकाळी मन आणखी खाली जातं.

अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणजे "हलकं" असं मात्र समजू नका, त्यातही माणूस जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारापर्यंत जाऊ शकतो. शंका आली तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का रे?" विचारल्याने डोक्यात नवा विचार घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 2022 पासून आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं, आणि घरचे पण फोन करू शकतात. डॉक्टरकडे जाताना घटना कधी झाली, झोप-भूक कधी बिघडली, कुठल्या गोष्टीने अजून बरं वाटतं आणि कशाने वाटेनासं झालंय, एवढं कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर तो "तसं ठीक आहे" एवढंच म्हणण्याची शक्यता जास्त.