टेनर गिटार (विद्युत) : जुळणी व स्वर लावणे

टेनर गिटार : चार तारांची, आखूड दांडीची गिटार. तारेची वाजती लांबी साधारण २१ ते २३ इंच असते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील टेनर बँजोवादक गिटारीकडे वळू लागले. त्यांच्या बोटांची सवय मोडू नये म्हणून बँजोचेच चार स्वर गिटारीला देण्यात आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गिब्सन या अमेरिकी कंपनीने विद्युत टेनर गिटार बनवली, आणि १९४० च्या दशकात टायनी ग्राइम्स या वादकाने पियानोवादक आर्ट टेटमच्या त्रयीत (तिघांच्या वाद्यवृंदात) हे वाद्य जॅझमध्ये गाजवले. मराठवाड्यात वरातीत वाजतो तो ‘बँजो’ म्हणजे बटणांचा बुलबुल तरंग; वर उल्लेखलेला बँजो वेगळा.

स्वर : मूळ पद्धतीत जाड तारेकडून बारीक तारेकडे सी, जी, डी, ए असे स्वर लावतात (सुमारे १३१, १९६, २९४ व ४४० हर्ट्झ). व्हायोलाचे (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्याचे) स्वरही हेच. पेटीच्या भाषेत पांढरी एक, पांढरी पाच, वरच्या सप्तकातली पांढरी दोन आणि तिथलीच पांढरी सहा. प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम आहे, आणि म्हणूनच मराठी कानाला हे वाद्य सहा तारांच्या गिटारीपेक्षा जवळचे वाटावे. तंबोऱ्यावर सा-प मिळवणाऱ्याला ते ट्यूनरशिवायही लावता येते. जाड तार सा धरली, तर पुढच्या तारा प, वरचा रे आणि वरचा ध होतात. मराठवाड्याच्या याच भूमीत, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, १३ व्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वरभेद) समजावण्यासाठी त्याने २२-२२ तारांच्या दोन वीणा घेतल्या आहेत, एक स्थिर व दुसरी स्वर उतरवत नेण्याची. तारा मिळवण्याकडे इतक्या बारकाईने पाहण्याची परंपरा इथे जुनी आहे.

मात्र एक अडचण लक्षात घ्यावी. कानाने लावलेला शुद्ध पंचम पडद्यांच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) हिशेबापेक्षा सुमारे २ सेंट रुंद असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तीन पंचम एकावर एक रचले की ए जवळजवळ ६ सेंट चढतो आणि कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) किंचित बोचते. म्हणून आधी ए लावावा, मग तिथून खाली येताना प्रत्येक पंचम अगदी केसभर आवळता ठेवावा. भजनी मंडळाबरोबर वाजवताना पेटीवरूनच स्वर घ्यावा. पेटी ४४० वर असेलच असे नाही. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर चारही तारा चढवण्यापेक्षा पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावणे बरे.

डी, जी, बी, ई ही पर्यायी पद्धत शिकागो ट्यूनिंग म्हणून ओळखली जाते. गिटार येणाऱ्याला ती लगेच जमते, पण वाद्याचा मोकळा, रुंद आवाज तीत हरवतो.

तारा : चार तारांचा तयार संच मिळाला नाही, तरी साध्या गिटारीच्या संचांतून काम भागते. संच सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. २३ इंची वाद्यासाठी ०.००९ च्या संचातील पहिली, चौथी व पाचवी तार (०.००९, ०.०२४, ०.०३२ इंच) आणि ०.०१० च्या संचातील दुसरी (०.०१३) घ्यावी. प्रत्येक तारेवर साधारण ८ ते १० किलो ताण येतो. वरचा ए हा सर्वांत नाजूक स्वर आहे. तिथे जाड तार घातल्याने ती तुटायची थांबत नाही, कारण तुटणे लांबी आणि स्वरावर ठरते, जाडीवर नव्हे. घोडीवरची धारदार कड मात्र घासून गुळगुळीत करावी.

जुळणी : क्रम महत्त्वाचा, कारण दांडी हलली की पुढचे सगळे हलते. तारा स्वरात असताना तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबावी. सातव्या पडद्याजवळ ०.२ मिलिमीटर, म्हणजे साध्या छपाईच्या दोन कागदांइतकी फट राहावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (दांडीच्या आतली धातूची सळई) पाव फेरा आवळावा, कमी असेल तर सैल करावा आणि थोडा वेळ थांबून पुन्हा बघावे. मग बाराव्या पडद्यावर तारांची उंची ए खाली दीड, सी खाली दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. शेवटी त्याच पडद्यावर हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा निघाला तर सॅडल (घोडीवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) मागे, म्हणजे दांडीपासून दूर, उतरला तर पुढे सरकवावे. पिकअप (तारांची कंपने टिपणारा चुंबकी भाग) फार वर आणू नये. त्याचे चुंबक जाड सी ला ओढून तिचा स्वर डळमळवते.

हवा : मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते, दांडी मागे वाकते, पडद्यांची टोके बाजूने हाताला टोचू लागतात. जूननंतर ओल आली की दांडी उलट दिशेला, तारांच्या ओढीने पुढे झुकते. त्यामुळे वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाने जम बसवल्यावर, दांडी तपासावी. पाण्याच्या कूलरसमोर गिटार ठेवणे सर्वांत वाईट, कारण एकाच दिवसात ती ओल आणि कोरड दोन्ही सोसते. गिटार तिच्या खोक्यात बंद करून आतल्या खोलीत ठेवावी.

मंडपात जनरेटरवर वाजवताना अर्थिंग आधी पाहावे. विद्युत गिटारीच्या तारा सहसा अर्थला जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे सतत त्यांवर असतात.