अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग: अर्जाआधी लॉगबुक तपासा

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स असलं तरी ढगात शिरून आयएफआर (बाहेर न बघता उपकरणांच्या आधारे उडण्याचे नियम) उड्डाण करायचं तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची तशी जादा पात्रता, लागते. पुढे कमर्शियल लायसन्स घेतलंत आणि हे रेटिंग नसेल, तर पैसे घेऊन प्रवाशांना रात्री किंवा 50 नॉटिकल मैलांपलीकडच्या क्रॉस-कंट्रीवर (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या उड्डाणावर) नेता येत नाही.

विमानांसाठीची पात्रता एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या 61.65 या नियमात आहे. पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून 50 तास क्रॉस-कंट्री हवं. इन्स्ट्रुमेंट टाइम (फक्त उपकरणांवर उडालेला वेळ) 40 तास, त्यातले किमान 15 इन्स्ट्रुमेंट शिकवण्याची परवानगी असलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि परीक्षेच्या आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत 3 तास तयारीचे. शिवाय आयएफआरखाली 250 नॉटिकल मैलांची एक फेरी, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या अप्रोचसह (उपकरणांच्या आधारे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या पद्धती).

खरी अडचण तास भरण्यात नसते, ते लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, नोंदवण्यात असते. निघाल्या जागेपासून सरळ रेषेत 50 नॉटिकल मैलांहून दूर उतरला नसाल, तर ती फेरी या हिशेबात धरत नाहीत. हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायची झापड) लावून उडालात तर सेफ्टी पायलटचं, म्हणजे सोबत बसून बाहेर लक्ष ठेवणाऱ्या पायलटचं, नाव हवं. प्रत्येक अप्रोचपुढे ठिकाण आणि प्रकार हवा. नुसतं ‘तीन अप्रोच’ लिहून भागत नाही. परीक्षक तोंडी परीक्षेआधी हीच पानं उलटतो, तेव्हा बेरीज आधी स्वतः करा आणि इन्स्ट्रक्टरकडूनही करून घ्या.

लेखी परीक्षेत 60 प्रश्न, पास व्हायला 70 टक्के. निकाल 24 कॅलेंडर महिने चालतो. मग आयाक्रा या ऑनलाइन प्रणालीत 8710-1 अर्ज भरायचा, त्यावर इन्स्ट्रक्टरची सही. प्रत्यक्ष परीक्षेला फोटो ओळखपत्र, पायलट सर्टिफिकेट, मेडिकल (किमान तिसऱ्या श्रेणीचं, किंवा त्याऐवजी चालणारी बेसिकमेड ही सोपी आरोग्य-तपासणी पद्धत), लेखीचा निकाल, लॉगबुक आणि त्यातल्या एन्डोर्समेंट्स (इन्स्ट्रक्टरच्या सहीच्या मंजुरी-नोंदी) न्याव्यात. विमानाचे कागदही बघतात.

अमेरिकेचं नागरिकत्व नसेल तर प्रशिक्षण सुरू होण्याआधीच टीएसए या वाहतूक सुरक्षा संस्थेची मंजुरी घ्यावी लागते. ग्रीन कार्डवाल्यांचीही यातून सुटका नाही. अनेकांना हे ऐनवेळी कळतं. विद्यार्थ्यांनी आपला व्हिसा या प्रशिक्षणाला चालतो का, हे शाळेकडून लेखी घ्यावं.

पास झाल्यावर 120 दिवसांचं तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं. भारतात परतून उडायचं असेल, तर हे रेटिंग डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामकाच्या लायसन्सवर आपोआप चढत नाही. तिथली प्रक्रिया वेगळी.