गालगुंडाचा रिपोर्ट: आयजीएम वेगळं, आयजीजी वेगळं

परवा रात्री धाकट्या बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, ताई हे बघ ना, एक पॉझिटिव्ह आहे आणि एक निगेटिव्ह, मग नक्की गालगुंड आहे की नाही? भाचा आठ वर्षांचा. सोमवारी सकाळी उठला तो डाव्या कानाखाली सूज घेऊनच, पोळीचा घास चावताना रडायला लागला, लिंबाचं लोणचं जिभेला लागल्याबरोबर तर कळवळलाच. त्याच संध्याकाळी रक्त दिलं. रिपोर्टमध्ये मम्प्स (म्हणजे गालगुंडच) आयजीएम निगेटिव्ह, मम्प्स आयजीजी पॉझिटिव्ह. बहिणीने पॉझिटिव्ह वाचून ठरवलं की आहे, तिच्या सासूबाईंनी निगेटिव्ह वाचून ठरवलं की नाहीये, उद्यापासून शाळेत पाठव.

मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि हा घोळ काउंटरवर इतक्यांदा बघितलाय की शेवटी लिहायला बसले. दोघींचंही वाचन चुकलं होतं. नावात एका अक्षराचा फरक, पण ही दोन्ही अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर रक्तात बनवतं ती प्रोटीन्स, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आयजीएम सांगतं, आत्ता काही चालू आहे का. आयजीजी सांगतं, या शरीराची या व्हायरसशी आधी कधी ओळख झालीये का, मग ती ओळख आजारातून झालेली असो नाहीतर लसीतून.

आता जरा नीट सांगते. गालगुंडाचा व्हायरस नाका-तोंडातून, खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून, उष्ट्या पेल्यातून शिरतो आणि लगेच काही दाखवत नाही, बहुतेकदा 16 ते 18 दिवस, कधी 12 तर कधी 25 सुद्धा, आणि मग कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीला सूज येते. शरीर घाईघाईत जी पहिली अँटीबॉडी बनवतं ती आयजीएम. आकाराने मोठी, पाच तुकडे एकत्र जोडलेली, काही आठवडे ते काही महिने राहते आणि विरते. आयजीजी लहान, मागून वाढते, पण ती वर्षानुवर्षं रक्तात राहते, पुष्कळांमध्ये जन्मभर. आयजीजी आईकडून नाळेतून बाळाकडे जाते, आयजीएम जात नाही, म्हणून अगदी तान्ह्या बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर ते बहुधा त्याच्या आईचं असतं.

आमच्याकडे ही टेस्ट बहुतेक वेळा एलायझाने होते, म्हणजे रंग बदलण्यावरून अँटीबॉडी ओळखायच्या पद्धतीने. रक्त गोठू देतात, फिरवतात, वर पिवळसर पाण्यासारखं सीरम सुटतं, ते छोट्या छोट्या वाट्यांच्या प्लेटमध्ये टाकायचं. वाट्यांच्या तळाला व्हायरसचं प्रोटीन आधीच चिकटवलेलं असतं, अँटीबॉडी असेल तर ती तिथे चिकटते, शेवटी टाकलेल्या द्रवाने वाटी निळी होते, मग अ‍ॅसिड टाकलं की तीच वाटी पिवळी. जितकी गडद तितकी अँटीबॉडी जास्त. आयजीएमच्या वाटीला मात्र आधी सीरममधली आयजीजी बाजूला काढावी लागते, कारण ती गर्दी करून आयजीएमची जागा अडवते, आणि संधिवाताच्या काही पेशंटमध्ये असणारी र्‍हुमॅटॉइड फॅक्टर नावाची अँटीबॉडी खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकते. म्हणजे मशीनवर आकडा आला तरी त्यामागे हे सगळं असतं, तो काही थर्मामीटरचा पारा नाही.

आता भाच्याचा रिपोर्ट परत वाचा. सूज सोमवारी, रक्तही सोमवारीच. पहिल्या एक-दोन दिवसांत आयजीएम रक्तात दिसण्याइतकं झालेलंच नसतं पुष्कळदा, निदान तिसर्‍या दिवसानंतर घेतलेल्या सँपलवर जास्त भरवसा ठेवता येतो. म्हणून त्याचं निगेटिव्ह म्हणजे "नाही" नव्हतं, "अजून सांगता येत नाही" होतं. आणि आयजीजी पॉझिटिव्ह का, तर लहानपणी 15 महिन्यांचा असताना खाजगी डॉक्टरकडे एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा, एक डोस झाला होता, त्याची आठवण रक्तात आहे. या एका पॉझिटिव्हवरून आजार आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही.

लस घेतलेल्या मुलांमध्ये तर अजून एक अडचण आहे. शरीराला व्हायरसची आधीच ओळख असल्यामुळे ते थेट आयजीजी वर काढतं आणि आयजीएम उशिरा येतं, थोडंसं येतं किंवा येतच नाही. अशा मुलाचं पाचव्या दिवशीचं आयजीएम निगेटिव्ह आलं तरी गालगुंड असू शकतं, आणि तेव्हा अँटीबॉडी नाही तर थेट व्हायरसच शोधणारी आरटी-पीसीआर जास्त कामाची. ती नाकाची नव्हे, गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब, आधी कानापुढची ग्रंथी अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळायची म्हणजे लाळ बाहेर येते, आणि ही टेस्ट सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत केलेली बरी. गंमत बघा, रक्ताला थांबायचं असतं आणि स्वॅबला घाई असते.

उलटा घोटाळाही होतो. पॅराइन्फ्लुएंझा, एपस्टीन-बार असे दुसरे व्हायरस असतानाही मम्प्स आयजीएम कधीकधी पॉझिटिव्ह येतं, आणि नुकताच एमएमआर दिला असेल तरीही येऊ शकतं. म्हणून माझी फार कळकळीची विनंती आहे, फॉर्मवर सूज कधी आली ती तारीख आणि लस कधी झाली ती तारीख लिहाच. लोक वय आणि मोबाइल नंबर लिहितात आणि ह्या दोन गोष्टी रिकाम्या सोडतात, मग डॉक्टरांच्या हातात नुसता आकडा जातो.

आयजीजीचा आजार ओळखायला काहीच उपयोग नाही असं नाही हं. एक सँपल आत्ता आणि दुसरं दोन-तीन आठवड्यांनी, दोन्ही शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि दुसर्‍यात पातळी चौपट किंवा जास्त वाढली तर ते पक्कं. पण तोवर मूल बरं होऊन अंगणात खेळायला लागलेलं असतं, म्हणून घरातले लोक दुसरं रक्त द्यायला येतच नाहीत, आणि लसवाल्यांचं आयजीजी आधीच वर असल्यामुळे चौपट वाढ दिसतही नाही.

एका अक्षराचा दुसरा घोळ लसीच्या कार्डवर. सरकारी लसीकरणात आपल्याकडे एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. 2017 पासून देशभर ती मोहीम सुरू झाली, महाराष्ट्रात 2018 च्या नोव्हेंबरमध्ये शाळाशाळांतून टोचली. त्यात गालगुंड नाही. गालगुंडाची लस एमएमआरमधल्या मधल्या एमची, आणि ती बहुतेक खाजगीत घ्यावी लागते, बालरोगतज्ज्ञ 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं असे तीन डोस सांगतात. "सगळ्या लसी झाल्यात" म्हणणार्‍या कितीतरी आयांच्या मुलांचं मम्प्स आयजीजी निगेटिव्ह येतं ते यामुळे, त्यांची काही चूक नसते. 2024 च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाच्या एवढ्या केसेस निघाल्या तेव्हाही ही चर्चा झाली होती, आणि मला स्वतःला वाटतं की मधला एम सरकारी यादीत यायला हवा.

सूज गालगुंडाची की मानेतल्या गाठीची, हे तर रक्ताच्याही आधी हाताला कळतं बर्‍याचदा. गालगुंडात कानाची पाळी वर आणि बाहेर उचलली जाते, जबड्याचा कोपरा बोटाला लागत नाही, तो सुजेत बुडतो. घसा नाहीतर दात दुखून गाठ आली तर ती जबड्याच्या खाली असते आणि कोपरा हाताला नीट लागतो. साथ चालू असेल आणि दोन्ही गाल फुगलेले असतील तर डॉक्टर नुसतं बघून सांगतात, टेस्ट लागतेच असं नाही. रक्तात अमायलेज (लाळग्रंथी आणि स्वादुपिंडात बनणारं पाचक द्रव्य) वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, लाळग्रंथी सुजली की ते वाढतंच, पण सोबत पोटात वरच्या बाजूला जोरात दुखत असेल आणि उलट्या होत असतील तर लायपेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक द्रव्याची, टेस्ट करायला हवी, कारण स्वादुपिंडालाही हा व्हायरस धरू शकतो. मान ताठ होणं, एका कानाने अचानक कमी ऐकू येणं, वयात आलेल्या मुलाचं अंडकोष सुजणं, यात रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

भाच्याचं शुक्रवारी परत रक्त घेतलं. आयजीएम पॉझिटिव्ह. तोपर्यंत उजवा गालही फुगला होता. सूज येण्याच्या आधी एक-दोन दिवस आणि आल्यानंतर पाच दिवस मूल दुसर्‍यांना देऊ शकतं, म्हणून शनिवारपर्यंत घरीच, पेला-चमचा वेगळा, मऊ भात, पातळ वरण, आंबट बंद. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हा व्हायरस आहे, तापाला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच.

मग बहिणीने विचारलं, ह्यांना होईल का, मोठ्या माणसांना जास्त त्रास होतो म्हणतात. ते खरंय. इथे मात्र आयजीएमचा प्रश्नच नाही, मेहुण्यांना काही झालेलंच नाहीये, इथे आयजीजी करायचं. ते पॉझिटिव्ह आलं, स्पष्ट पॉझिटिव्ह, म्हणजे व्हायरसशी ओळख आधीच झालेली. हे ऐकून सासूबाईंना आठवलं की हा पहिली-दुसरीत असताना याचे दोन्ही गाल फुगले होते आणि शेजारच्या काकूंनी हळद-चुन्याचा लेप लावला होता, आठ दिवस शाळा बुडाली होती.