खंडपीठात १-१ झालं, आता लाभार्थ्याने काय करायचं?

पेन्शन किंवा अनुदान अडकलं म्हणून हायकोर्टात रिट (सरकारविरुद्धची याचिका) टाकली, दोन न्यायमूर्तींनी ऐकली, आणि निकालात एक म्हणतात सरकारने पैसे द्यावेत, दुसरे म्हणतात याचिका फेटाळा. ऑफिसात गेलात तर क्लार्क सांगणार, ‘तुमची केस गेली.’ गेली नाहीये हो! अजून जिंकला नाहीत, हरलाही नाहीत, केस पेंडिंग आहे.

निकालाचं शेवटचं पान बघा. मतभेद झाल्यामुळे पेपर मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवा, असं सहसा तिथेच लिहिलेलं असतं, म्हणजे त्यासाठी नवीन याचिका टाकायची गरज नाही. मग तिसरे न्यायमूर्ती ठरतात, ते सगळी केस पहिल्यापासून नाही ऐकत, दोघांचं जिथे जुळलं नाही तेवढाच मुद्दा ऐकतात आणि ते जिकडे जातील तिकडे २-१. मुंबई हायकोर्टात याला आधार लेटर्स पेटंटच्या (म्हणजे हायकोर्ट ज्या जुन्या सनदेवर चालतं तिच्या) कलम ३६ चा. वेळ मात्र जातो. फॅक्ट चेक युनिटवाली केस आठवते ना (सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी ठरवणाऱ्या केंद्राच्या युनिटविरुद्धची; ती लाभार्थ्याची नव्हती, पण रस्ता हाच), जानेवारी २०२४ मध्ये १-१ आणि तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत २० सप्टेंबर २०२४ ला. त्यानंतरही फॉर्मल ऑर्डरसाठी फाइल परत खंडपीठाकडे जाते, तोवर पैसे मागायला धावू नका.

घाईचं काम एकच. आधी स्टे किंवा अंतरिम आदेश मिळाला असेल तर तो ‘निकालापर्यंत’च होता का हे वकिलांना आजच विचारा, आणि तसा असेल तर पुढे चालू ठेवायचा अर्ज लगेच द्यायला लावा.

कागदात दोन्ही न्यायमूर्तींच्या निकालांची सर्टिफाइड कॉपी घ्या, लोक आपल्या बाजूचा तेवढाच झेरॉक्स करून आणतात! सोबत मंजुरीचं पत्र, लाभ बंद केल्याचं पत्र, आणि पासबुक एंट्री मारून, ज्या महिन्यापासून जमा थांबली ते पान दिसलं पाहिजे. योजनेला हयातीचा दाखला लागत असेल तर केस चालू असली तरी दरवर्षी देत राहा आणि पोच घ्या, नाहीतर विभागाला आयतं नवीन कारण मिळतं.

वकिलाची फी झेपत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही, त्या-त्या गटाचा दाखला जोडायचा. बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला.

आणि शेजाऱ्याचीही तीच पेन्शन अडकली असेल तर तुमच्या १-१ च्या निकालावर त्याला काही मिळणार नाही, त्याने आपली नामंजुरीची ऑर्डर लेखी मागून ठेवावी.